काचेवरची टिकली

माझे वडील पिंजारी होते. खांद्यावर धनुकली आणि हातात लाकडी मोगरी घेऊन ते शिरूरच्या आसपासची गावं फिरायचे. इनामगाव, न्हावरा, वडगाव रासाई. कुणाच्या तरी ओट्यावर बसून जुनी गादी उसवायची, आतला दडपून घट्ट झालेला कापूस धनुकलीच्या तातीवर उडवून मोकळा करायचा, पुन्हा भरून शिवून द्यायचा. लग्नसराईत काम असायचं. पावसाळ्यात नसायचं, कारण ओल्या हवेत कापूस उडत नाही. त्या महिन्यांत आमच्या घरात काय शिजायचं ते लिहीत बसत नाही. जे शिजायचं ते पातळ असायचं.

कापसाची धूळ अब्बांच्या छातीत बसली होती. ते खोकायला लागले की शेजारची बाई भिंतीवर थाप मारून विचारायची, "जिवंत आहात ना?" अम्मा आतून सांगायची, "आहेत, आहेत." दोघींना त्याचं हसू यायचं. मला कधी आलं नाही.

मग नव्वदीनंतर शिरूरच्या रस्त्यावर फोमच्या गाद्यांची दुकानं लागली. अब्बा एकदा मला घेऊन अशा दुकानासमोर थांबले. बाहेर ठेवलेली गादी त्यांनी बोटानं दाबली, बोट काढलं. खड्डा आपोआप भरून आला. त्यांनी पुन्हा दाबली, पुन्हा भरून आला. "इसमें मेरा क्या काम," म्हणाले आणि चालायला लागले. घरात आम्ही दखनी बोलतो. इथं बहुतेक मराठीतच लिहिते, कारण शिकले मराठीत आणि आता मनातही मराठीच येतं.

त्या वर्षी थोरल्या बहिणीनं शाळा सोडली. तिला आम्ही आपा म्हणतो. सातवी झाली होती, अक्षर माझ्याहून चांगलं. नगर रोडवरच्या एमआयडीसीत मसाल्याच्या पुड्या भरायचं काम ठेकेदारामार्फत मिळत होतं. सकाळी स्टँडजवळ टेम्पो यायचा, बायका मागं दाटीनं बसायच्या, त्यात ही. वजन करून मिरचीपूड पिशवीत ओतायची आणि पायानं दाबायच्या मशीनवर पिशवीचं तोंड चिकटवायचं. घरी आली की दारातच शिंकायची. हाताची इतकी आग व्हायची की ताक असलं तर ती आधी ताकात हात बुडवून बसायची, मग चहा. कित्येक वर्षं मला वाटायचं, मोठ्या बहिणींच्या अंगाला असाच वास येत असतो.

त्या मिरचीवर मी शिकले. बारावीनंतर शिरूरच्याच कॉलेजात बी.सी.एस.ला गेले, तेव्हा आमचे मामू घरी येऊन खाटेवर बसले.

"लडकी कंप्यूटर पढ़ के क्या करेगी? गादी की खोल सिएगी उसपे?"

आपा कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मामू, तुमचा पोरगा परत दहावीला बसलाय म्हणे. आधी त्याच्या खोळीत काय भरायचं ते बघा."

मामूंनी चहा अर्धा ठेवला. त्यानंतर त्यांनी माझ्या शिक्षणाचा विषय काढला नाही.

मी बी.सी.एस. झाले. अब्बांकडून आणि अम्माकडून, दोन्ही बाजूंनी, माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. निकालाच्या दिवशी आपानं कामावर पेढे नेले आणि टेम्पोतल्या बायकांना सांगितलं, "आमची धाकटी आता साहेब झाली." साहेब व्हायचं दूरच, मला वर्षभर नोकरीच लागली नाही. पुण्यातली माणसं विचारायची, इंग्रजी बोलता येतं का. येत नव्हतं.

याच सुमारास आपाच्या कारखान्यात नवीन मशीन आलं. वरून मसाला पडतो, बाजूनं प्लास्टिकचा पट्टा येतो, गरम लोखंडी जबडा त्याला चावतो आणि पुडी तयार होऊन खाली पडते. ते चालवायला ना खटके होते ना दांडे. एक काच होती, तिच्यावर बटणांची रंगीत चित्रं. काचेला बोट लावलं की मशीन चालायचं. आज हे सांगताना कुणाला त्यात नवल वाटणार नाही. तेव्हा आमच्याकडं साधा मोबाइलसुद्धा क्वचित एखाद्याच्या हातात दिसायचा, आणि त्यालाही खरीखुरी, दाबली की आत जाणारी बटणं असायची.

बायका घाबरल्या. काचेवरची अक्षरं इंग्रजी. मशीनबरोबर आलेल्या फिटरनं घाईघाईनं दाखवलं, हिरवं ते चालू, त्याच्या खाली डावीकडं बंद. पण काच सगळी सपाट. मिरचीनं डोळे भरलेले असताना बोटाला काहीच लागत नाही. आपाच्या शेजारी वडगाव रासाईची एक मावशी काम करायची. तिनं दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या कपाळाची टिकली काढली आणि बंद करायच्या बटणावर चिकटवली.

आपा घरी येऊन हसत सांगत होती, "आता बघायला पण नको. बोट फिरवायचं, टिकली लागली की दाबायचं. मावशी म्हणतीय, आमच्यात बाई बिनटिकलीची नसती, मग मशीन कसं ठेवायचं?"

"तू पण लावलीस?" मी विचारलं.

"मी कशाला? मशीनला एकच कपाळ आहे."

मग सवयच पडली. पट्टा अडकला, मसाला सांडला, काहीही झालं की आधी टिकली दाबायची आणि मगच आत हात घालायचा. मशीन आपोआप थांबलेलं असलं तरी दाबायची. नवीन आलेल्या बाईला पहिल्यांदा तेवढंच शिकवत. मावशी तिला म्हणायची, "बाकी काय न्हाई आलं तरी चालंल. टिकलीला हात लावल्याबिगर आत हात घालायचा न्हाई."

त्या फिटरनंच आपाला सांगितलं की दौंडला त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर शिकलेली मुलगी पाहिजे आहे. आपानं तिथल्या तिथं माझं नाव सांगितलं. अशी मला नोकरी लागली, आणि तीही तिच्याच मशीनमुळं.

दौंडला माझी खाला, अम्माची बहीण, राहते, रेल्वे लाइनच्या पलीकडं. आठवडाभर तिच्याकडं राहायचं आणि रविवारी एसटीनं शिरूरला यायचं. ऑफिस म्हणजे एका गाळ्यात पुढं कॉम्प्युटर आणि मागं वायरिंगचं काम. मालकांना सगळे सर म्हणत. सर पुण्यात शिकलेले, हुशार, आणि नव्या गोष्टींचं त्यांना वेड. मासिकाबरोबर येणाऱ्या सीडी ते मला दाखवायचे. "हे बघ. चौकोनी राखाडी बटणं गेली आता. बटण कसं पाहिजे, पाण्याच्या थेंबासारखं. वरून उजेड पडल्यासारखं."

मला वेबसाइटचं काम दिलं होतं. गावातल्या दुकानदारांना तेव्हा वेबसाइट म्हणजे लग्नपत्रिका वाटायची. वर देवाचं नाव हलत पाहिजे, मालकाचा फोटो फिरत आला पाहिजे, खाली किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा पाहिजे. एका हॉटेलवाल्यानं तर पानावर पाऊस पाडून मागितला. मी पाडून दिला. त्या पावसात त्याचे भजीचे भाव कोणालाही वाचता येत नव्हते, पण तो खूश होता.

तिथंच मी एक गोष्ट शिकले, आणि ती कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. गिऱ्हाइकाला पान दाखवताना मी त्याच्या हाताकडं बघत राहायचे. माणूस पहिल्या वेळी वाचतो. दुसऱ्या वेळेपासून वाचत नाही, जागेवर जातो. "मागं जा" हे बटण आज इथं ठेवलं आणि उद्या थोडं सरकवलं, तर तो जुन्याच जागी दाबतो आणि माझ्यावर चिडतो. शिकलेला आणि न शिकलेला यात फरक नाही. बँकेतले साहेबसुद्धा तसंच करायचे.

मी हे सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "सवय होते लोकांना. नवीन पाहिजे तर थोडं अडखळायला लागतंच."

मशीनच्या काचांचं काम सर स्वतः करायचे. आपाच्या मशीनची पहिली काच मी लागायच्या आधीची. नंतर त्यांनी तिची सुधारलेली आवृत्ती काढली. एकाच काचेत अनेक पानं. पहिल्या पानावर रोजची बटणं, दुसऱ्यावर दुरुस्तीची, तिसऱ्यावर पुड्यांचा हिशोब. "एवढ्याशा जागेत सगळं कंट्रोल पॅनेल बसवलं," असं ते प्रत्येकाला सांगायचे. त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर दिसायलाही ती देखणी होती. ती आवृत्ती शिरूरच्या कारखान्यातही बसवली गेली.

एका सकाळी ऑफिसच्या फोनवर शेजारच्या बाईचा फोन आला. तीच, भिंतीवर थाप मारणारी. म्हणाली, "घरी ये. आपाचा हात मशीनमध्ये गेला."

न्हावऱ्यावरून जाणारी एसटी मिळाली. वाटेत माझ्या मनात एकही विचार नव्हता. पुढच्या सीटवर कोणीतरी पेरू खात होतं, एवढंच आठवतं.

शिरूरच्या डॉक्टरांनी हात बांधून पुण्याला पाठवलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण ते आजही वळत नाही. जबडा गरम असल्यामुळं रक्त फार गेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत होते. जखमेत मिरची होती. ती धुताना आपा ओरडली तो आवाज अब्बांनी खालच्या मजल्यावर ऐकला. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

आपा घरी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुपरवायझर आणि ठेकेदार भेटायला आले. फळं आणली होती. ठेकेदारानं खाटेच्या कडेवर बसून खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"काय न्हाई, अपघाताचा रिपोर्ट हाय. सही लागती. डाव्या हातानं केली तरी चालंल."

मी कागद घेतला. त्यात लिहिलं होतं की ऑपरेटरनं मशीनच्या पॅनेलवर परवानगीशिवाय टिकली चिकटवली, चुकीचं बटण दाबलं आणि निष्काळजीपणे हात आत घातला.

"हे कोणी लिहिलं?" मी म्हणाले.

"जे झालं तेच लिहिलंय," सुपरवायझर म्हणाला. "दवाखान्याचा खर्च कंपनीनं केलाय ना? मग?"

आपा उशीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "खरंच आहे की ते. मीच दाबलं. माझंच चुकलं."

"कागद ठेवून जा," मी म्हणाले. "वाचून देते."

ठेकेदार उठला. "ठेवा, ठेवा. पोरगी शिकलेली हाय, वाचू द्या तिला. वाचून काय बोटं उगवत्यात व्हय?"

अब्बा दारात उभे होते. त्यांनी ठेकेदाराला वाट दिली आणि तो गेल्यावर दार लावून घेतलं.

सही झाली असती तर काय झालं असतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. निष्काळजीपणा लिहून दिला की भरपाईचा विषय संपला. ठेकेदारानं तिला काढलं असतं. त्या एमआयडीसीत सगळे ठेकेदार एकमेकांना ओळखतात, मग दुसरीकडंही कोणी उभं केलं नसतं. पण मला जास्त भीती त्याची नव्हती. आपा स्वतः म्हणत होती की चूक माझी. तिच्या हातानं तिनं ते लिहून दिलं असतं, तर मरेपर्यंत ते खरं मानलं असतं.

दुसऱ्या दिवशी वडगाव रासाईची मावशी आली. आत आली तीच रडत.

"माझ्या कपाळाची काढून म्या लावली गं ती. म्या ती लावलीच नसती तर तुजा हात..."

"मावशी, डोळे पुसू नका त्या पदरानं," आपा म्हणाली. "मिरची हाय पदराला."

मावशी रडता रडता हसली आणि मग जास्तच रडली. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं.

"काय व्हायचं? पट्टा अडकला. मशीन आपोआप थांबलं. हिनं टिकली दाबली, रोजच्यासारखी. मंग हात घातला. तर जबडा मिटला की!"

"टिकली दाबल्यावर?"

"दाबल्यावरच. जरा दम खाऊन मिटला. सकाळी सुपरवायझर साहेबानं काचेवर कायतरी उघडलं हुतं आन् तसंच ठेवून गेला. चित्रं येगळी हुती त्या दिवशी. पर टिकली हुती की जाग्यावर!"

मी आपाकडं बघितलं. ती म्हणाली, "चित्रं कोण बघतं? टिकली बघतो आम्ही."

दौंडला गेले आणि सर बाहेर असताना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काचेची ती सुधारलेली आवृत्ती उघडली. पहिलं पान छापलं, दुसरं पान छापलं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, उजेडात. पहिल्या पानावर जिथं "बंद" होतं, बरोबर त्याच जागी दुसऱ्या पानावर "जबडा तपासा" होतं. तेही इंग्रजीत. दाबलं की जरा थांबून जबडा एकदा मिटून दाखवणार. दुरुस्ती करणाऱ्याला हात काढायला वेळ मिळावा म्हणून ते थांबणं ठेवलं होतं. आपाला त्याच वेळात हात आत घालायला वेळ मिळाला.

सर आले तेव्हा मी कागद खिडकीलाच धरून उभी होते.

त्यांनी पाहिलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही, हुशार माणूस. पण म्हणाले, "ते पान फक्त सुपरवायझरनं उघडायचं आहे. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय."

"इंग्रजीत."

"सुपरवायझरला इंग्रजी येतं."

"आणि त्यानं उघडं ठेवलं तर?"

"तर चूक त्याची."

"रिपोर्टमध्ये चूक आपाची आहे, सर. त्याची नाही आणि तुमचीही नाही."

ते खुर्चीत बसले. "टिकली लावायला मी सांगितलं होतं का? काचेवर काहीतरी चिकटवायचं आणि मग... तू इथं नोकरी करतेस की बहिणीची वकिली?"

"दोन्ही."

"दोन्ही चालणार नाही."

मी कागद खिडकीवरून काढले. ते त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. मग मी म्हणाले, "हीच काच अजून कुठं बसवलीय?"

त्यांनी कासुर्डीचं मशीन नुकतंच चालू करून दिलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "तिथंही बायकाच आहेत ना?"

मागं कोणीतरी वायर सोलत होतं, त्याचा आवाज येत होता. मग सरांनी मोटरसायकलची किल्ली उचलली. "चल. तिथं काही नसलं तर हा विषय बंद."

हायवेनं कासुर्डीला गेलो. पापडाच्या मसाल्याचा लहानसा कारखाना, पत्र्याची शेड. आत शिरताना सर अगदी मोकळेपणानं मालकाशी बोलत होते. मग मशीनसमोर आले आणि काचेकडं वाकले.

काचेच्या डाव्या कोपऱ्यात टिकली होती. आमच्याकडची लाल, ही मरून, कडेला खडे असलेली.

शिरूरच्या बायका आणि या बायका एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या. दोन गावांत इतकं अंतर. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं.

सरांनी मशीनवरच्या बाईला विचारलं, "ही कशाला लावली?"

ती पदर सावरत म्हणाली, "बंद कुठं करायचं ते कळाया पायजे की. काच समदी सारखीच."

सरांनी दुसरं पान उघडलं. टिकली "जबडा तपासा"वर बसली होती, मधोमध. ते तिच्याकडं बघत राहिले. मग पुढं होऊन नखानं ती टिकली खरवडायला लागले.

बाई एकदम ओरडली, "अहो साहेब, काढू नका! हात जाईल की आमचा!"

सरांचं बोट तिथंच थांबलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. मी त्या बाईच्या हातांकडं बघत होते. दहाही बोटं होती. मसाल्यानं पिवळी झालेली.

परत येताना चौफुल्याला चहासाठी थांबलो. त्यांनी चहा मागवला, प्यायले नाहीत. म्हणाले, "पत्र देतो मी. 'दोष' हा शब्द लिहिणार नाही. 'बटणाच्या जागेत बदल आवश्यक' असं लिहीन. त्यापुढं माझ्याकडून काही मागू नकोस."

"तेवढं पुरे," मी म्हणाले. पुरे होतं की नाही ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

पत्र घेऊन मी आणि अब्बा कारखान्यात गेलो. मोठ्या साहेबांच्या टेबलावर मी पत्र ठेवलं, दोन्ही कागद ठेवले, आणि उचलून त्यांच्याच ट्यूबलाइटच्या उजेडात धरायला सांगितले. सुपरवायझर म्हणाला, "पण टिकली..." साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. त्यांना आपाची दया आली असेल असं मला वाटत नाही. काच बनवणाराच लिहून देतोय म्हटल्यावर आपण ते बाईच्या नावावर ठेवलं तर उद्या अंगाशी येईल, एवढं त्यांना कळलं. मला त्यांची दया नकोच होती.

अब्बा त्या टेबलासमोर पूर्ण वेळ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "तू क्या बोली मेरे को समझ्या नै. पन तू बोलते बखत वो सुनते थे."

नवीन काच सरांनी मलाच करायला लावली. मी आधी चमक काढली. मग बंद करायची जागा ठरवली, डावीकडं खाली, टिकलीचीच, आणि प्रत्येक पानावर ती जागा फक्त त्यासाठी राखली. तिथं दुसरं काहीही यायचं नाही. शब्द मराठीत घातले. जबडा तपासायचं बटण वर उजव्या कोपऱ्यात नेलं आणि ते दाबून धरल्याशिवाय चालणार नाही असं केलं. कोणी दुरुस्तीचं पान उघडं टाकून गेलं तर थोड्या वेळानं काच आपोआप पहिल्या पानावर येणार. काचेच्या बाहेर खराखुरा लाल खटका बसवायचा आग्रह धरला, तळहातानं मारता येईल असा. सर म्हणाले, "दहा वर्षं मागं गेलो आपण." मी म्हणाले, "हो."

ते काम संपलं त्या आठवड्यात त्यांनी मला दुसरीकडं बघायला सांगितलं. रागावून नाही. म्हणाले, तू समोर असलीस की मला ती कासुर्डीची शेड दिसते. मी खालाच्या घरून माझी पिशवी उचलली आणि शिरूरला आले. पुढं पुण्यात काम मिळालं, इंग्रजीही आलं, ती गोष्ट वेगळी आहे.

आपाला कारखान्यानं परत घेतलं नाही. कारणही सांगितलं नाही. मावशी काही दिवस यायची, मग तिचं येणं कमी झालं. आपाला सुई धरता येत नाही, पोळी लाटताना लाटणं निसटतं. थंडीत नसलेली बोटं दुखतात म्हणते. नसलेलं कसं दुखेल, असं मी एकदा विचारलं होतं. आता विचारत नाही.

रिपोर्ट बदलून आला तो दिवस मात्र मला लख्ख आठवतो. आपानं तो माझ्याकडून काढून घेतला, खिडकीपाशी नेला आणि स्वतः वाचला, ओळीवर डावं बोट फिरवत. मधेच एका शब्दावर थांबली, मागं गेली, पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नव्हतं."

"लिहिलंय तसं?"

"लिहिलंय."

तिनं डाव्या हातानं सही केली. अक्षर वाकडं आलं, पण पूर्ण नाव लिहिलं.

रिपोर्टमध्ये ऑपरेटरचा निष्काळजीपणा लिहिला गेला नाही. अपघाताचं कारण बटणाची जागा असं नोंदवलं गेलं. आपाला भरपाई मिळाली. शिरूरच्या आणि कासुर्डीच्या, दोन्ही मशीनवरच्या काचा बदलल्या गेल्या.